न पुसलेला फोटो

इस्तंबूल, ८ मे २०१९

अक्का,

हे पाकीट तू फाडशील की न फाडताच टाकून देशील, सांगता येत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला या महिन्यात तीन वर्षं होतील. म्हणून कागदावर लिहितेय. वर दाजींचं नाव घातलंय आणि खाली बजाजनगर, पाण्याच्या टाकीमागची चाळ. खोली बदलली नसेल तर पोचेल.

मी तुर्कस्तानात आहे. एका संस्थेनं बारा तरुण फोटोग्राफर निवडले, बारा देशांतले. तीन आठवडे या शहराच्या रस्त्यांवर हिंडायचं, माणसांचे फोटो काढायचे आणि शेवटी त्यांचं प्रदर्शन. अर्ज मला बद्रीनाथ सरांनी भरायला लावला. ते आमच्या दैनिकात फोटोंचं बघतात. अर्जासोबत आपला एक सगळ्यात चांगला फोटो जोडायचा होता. मी विहिरीतला जोडला. तुझा.

हे वाचून तू कागद चुरगाळला नसशील तर पुढं लिहिते.

विमानात मी खिडकीला बसले होते आणि पूर्ण वेळ पडदा लावून ठेवला. खाली बघितलं नाही. इथं उतरल्यावर चारी बाजूंनी पाणीच पाणी. समुद्र शहराच्या मधूनच गेलाय. मशिदीबाहेर नमाजाआधी हातपाय धुवायचे, वजूचे नळ आहेत, कुणी पुरता बंद करत नाही, धार चालूच. मी येता-जाता बंद करते. काल एका म्हाताऱ्यानं हसून काहीतरी विचारलं. आमच्याकडं यंदा टँकर चौथ्या दिवशी येतो, हे त्याला कसं सांगणार?

रमजान सुरू झालाय. दिवसभर रस्ते थोडे सुस्त असतात. भाषा कळत नाही, पण मधूनच आपले शब्द कानावर येतात. दुकानाला दुकानच म्हणतात. मैदान, हवा, साबण, दुनिया, सगळं तेच. 'ठीक आहे' म्हणायचं असलं की 'तमाम'. औरंगाबादच्या शहागंजात उभी राहून कुणाचं तरी अर्धवट बोलणं ऐकावं तसं वाटतं.

पण मला इथं भीती वाटते. कशाची, ते धरता येत नाही. गर्दीत कुणाचा खांदा लागला तरी दचकते. कॅमेरा डोळ्याला लावला की छाती धडधडते. आधी असं व्हायचं नाही.

बा मेंढरं घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीलाच आहे ना? माय म्हणाली, वाडीवर आता चारच घरं उघडी आहेत. तुझ्या पायाचं विचारलं तर माय दुसरंच काहीतरी बोलते.

दोर निसटला, अक्का. तेव्हा तेच सांगितलं होतं, आजही तेच सांगते.

शालू


इस्तंबूल, १३ मे

अक्का,

आज भरदुपारी मला सात-आठ माणसांनी घेरलं. तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू? मायला सांगितलं तर ती अन्न सोडेल.

पुलापलीकडं चढावर जुनी वस्ती आहे. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरासमोरच्या घरांतली माणसं खिडकीतून हात लांबवून साखर देतील. तिथं तळघरांतून शिलाई मशिनी चालतात. रस्त्याच्या पातळीला एक झडप उघडी होती, वाफ बाहेर जायला ठेवलेली. मी वाकून आत बघितलं. खाली दहा-बारा बायका शर्ट शिवत होत्या. झडपेतून उन्हाचा पट्टा आत गेला होता आणि बरोबर एका बाईच्या मशिनीवर पडला होता. माझी सावली आली म्हणून तिनं वर बघितलं.

मी बटण दाबलं.

ती किंचाळली. लगेच दार आपटलं आणि एक धिप्पाड माणूस बाहेर आला, अंगावरच्या स्वेटरला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. त्याच्या मागून आणखी काही जण आले. त्यानं माझ्या गळ्यातला पट्टा धरला आणि मुठीला एक वेढा दिला. गळा आवळला नाही, पण आवळता आला असता. "सिल! सिल!" असं ओरडत होता. म्हणजे पूस. मागं भिंत, पुढं हे. मी 'तमाम, तमाम' म्हणत राहिले. शेवटी त्याच्या डोळ्यांसमोर फोटो पुसला. त्यानं स्वतः मागं-पुढं करून बघितलं आणि पट्टा सोडला.

मी उतारावरून पळत सुटले. बोटीच्या धक्क्यावर येईस्तोवर मागं वळले नाही.

फोटो गेला. जाऊ दे. जीव वाचला.

शालू


इस्तंबूल, १६ मे

अक्का,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात. काढलेला फोटो आपोआप दोन्हींवर उतरतो. त्या माणसापुढं मी एकाच कार्डावरचा पुसला. दुसऱ्यावर आहे, हे मला पट्टा आवळलेला असतानाही माहीत होतं. खोलीवर आल्या आल्या मी तो संगणकावर उघडला. फार चांगला फोटो आहे, अक्का. अंधारात एकच चेहरा, वर बघणारा. मी तासाभरात संस्थेला दिला आणि बद्रीनाथ सरांनाही पाठवला. दोघांनीही लगोलग आपापल्या इंटरनेटच्या पानावर चढवला. हजारो लोकांनी बघितला, पुढं पाठवला.

आज सकाळी ती बाई संस्थेच्या दारात उभी होती. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर संस्थेचं नाव होतं, ते त्या धिप्पाड माणसानं बघून ठेवलं होतं. तिचं नाव हनान. सिरियातून लढाईत पळून आलेली. इथल्या एलिफ नावाच्या मुलीनं तिचं बोलणं मला इंग्रजीत सांगितलं.

हनानचा नवरा मेला. दिरांना तिच्या दोन मुली हव्या आहेत. मोठी अकराची आहे, तिचं लग्न त्यांनी ठरवून टाकलंय. हनान पोरींना घेऊन दुसऱ्या शहरातून निघून आली आणि वर्षभर त्या तळघरात लपून काम करतेय. तो धिप्पाड माणूस कारखान्याचा मालक. त्याला सगळे उस्ता म्हणतात, आपल्याकडचा उस्तादच. त्यानंच तिला आसरा दिला. फोटोत तिचा चेहरा स्वच्छ आहे. झडपेच्या चौकटीवर निळ्या रंगात घराचा नंबर आहे आणि वरच्या बेकरीची अर्धी पाटी आहे.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. एकच वाक्य परत परत म्हणत होती. मी एलिफला विचारलं, काय म्हणते? एलिफ म्हणाली, "ती विचारतेय, तू तर पुसला होतास ना?"

संस्थेनं फोटो लगेच काढून टाकला. मग मी सरांना फोन लावला.

"शालू, येडी झाली का तू? सगळीकडं गाजतोय तो. रविवारी पहिल्या पानावर घेतोय."

"सर, बाईच्या जिवाशी गाठ आहे. काढून टाका."

"अगं, तिथं आपला पेपर वाचायला कोण बसलंय?"

"चेहरा वाचता येतो सर. त्याला मराठी लागत नाही."

ते म्हणाले, "हे पाठवायच्या आधी नव्हतं का सुचलं?"

अर्ध्या तासानं त्यांनीही काढून टाकला. पण लोकांनी उतरवून घेतलेले फोटो कोण परत आणणार? एलिफनं तिच्या फोनवर शोधलं, तर तिच्या चुलतबहिणीकडंसुद्धा तो येऊन गेला होता.

हनान गेली तेव्हा मी तिच्या मागं चार पावलं गेले. तिनं हातानं मला तिथंच थांबवलं.



शालू


इस्तंबूल, १७ मे

अक्का, दार लावून बसलेय. अक्षर लागत नसेल तर माफ कर.

दुपारची गोष्ट. मी पुलाच्या तोंडाशी उभी होते. कॅमेरा पिशवीत, चार दिवस बाहेर काढलाच नाही. दोन माणसं माझ्यासमोर आली. चांगले कपडे, दाढी नीट कोरलेली. एकानं अदबीनं मान लववली, फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "नेरेदे?" म्हणजे हे कुठं आहे?

फोनवर माझा फोटो होता.

माझाच फोटो मला दाखवून ते मलाच पत्ता विचारत होते. फोटो काढणारी मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दिसेल त्याला विचारत चालले होते. दुसऱ्यानं बोटांनी फोटो मोठा करून निळा नंबर दाखवला. माझ्या पाठीवरून घामाची धार सुटली. मग मी हात वर केला, आणि अक्का, तो हात माझा आहे असं वाटेना. तो बोटीच्या धक्क्याकडं रोखला. बोट, बोट म्हणत हातानं लाटा करून दाखवल्या. पलीकडच्या किनाऱ्याकडं. ते हसले, छातीला हात लावून शुक्रिया केला आणि निघाले. वीस पावलांवर त्यांनी एका फळवाल्यालाही फोन दाखवला. फळवाल्यानं चढाकडं मान फिरवली.

मी पळाले. चढ कसा चढले आठवत नाही. एका बाईची भाजीची पिशवी माझ्या धक्क्यानं सांडली. कारखान्याचं दार दोन्ही हातांनी बडवलं. उस्तानं उघडलं. मला ओळखलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मी एक पायरी मागं आले. आता काय सांगू? एलिफ नाही, भाषा नाही. हातवारे केले, दोन बोटं दाखवली, फोन दाखवला. तो हाकलायलाच निघाला. तेव्हा माझ्या तोंडून आपलाच शब्द निघाला, "दुश्मन! हनान, दुश्मन! दुश्मन!"

तो थबकला. त्यांच्यातही तोच शब्द आहे, अक्का. दुश्मन.

त्यानं भिंतीवरचं बटण खाली ओढलं. सगळ्या मशिनी एकदम बंद पडल्या. हनाननं वर बघितलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. कापडाच्या ढिगावर तिच्या दोघी पोरी पुस्तक घेऊन बसल्या होत्या. बायकांनी त्यांच्या चपला शोधल्या, कुणी पाव दिला, कुणी आपली शाल. मागच्या बोळात माल न्यायची गाडी उभी होती. शर्टांच्या गठ्ठ्यांमध्ये तिघींना बसवलं. चढण्याआधी हनाननं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि काहीतरी बोलली. शिवी होती का दुवा, मला कळलं नाही. विचारायला जवळ कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी विचारलं नसतं.

गाडी कोपऱ्यावरून वळली आणि पुढच्या दाराशी आवाज आले. उस्तानं मला कापडाच्या ताग्यांमागं ढकललं. तिथं मी उकिडवी बसले. मघाचाच तो अदबीचा आवाज. सुरुवातीला हळू होता, मग वाढला. काच फुटली. काहीतरी जड पडलं. बायका ओरडल्या. मी ओढणी तोंडात कोंबली. मला वाटलं, आता ते ताग्यांमागं बघतील, आता बघतील. माझ्या पिशवीत कॅमेरा होता. त्याच्याकडं माझा हात एकदाही गेला नाही, हे नंतर लक्षात आलं.

शेवटी खालच्या गल्लीतले लोक जमले, तेव्हा ते गेले. मी बाहेर आले तर उस्ता खुर्चीवर बसला होता, भुवईपासून गालापर्यंत रक्त. एक म्हातारी चिंधीनं पुसत होती. मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं मान हलवली. विसरलेच मी, त्याचा रोजा होता.

मग तो दाराकडं बोट करून म्हणाला, "गित." म्हणजे जा.

मी आले. आता दाराबाहेर पावलं वाजली की मी लिहायची थांबते.

शालू


औरंगाबाद, २७ मे २०१९

अक्का,

प्रदर्शनाआधीच मी परत आले. माझी भिंत रिकामी ठेवा म्हणून संस्थेला लिहून दिलं.

काल एलिफचा निरोप आला. हनान आणि पोरी पोचल्या. कुठं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उस्ताच्या भुवईला सात टाके पडले. कारखाना त्यानं दुसरीकडं हलवला. त्याच्या दोन कामगार बायकांचं काम त्यात गेलं. हे सगळं माझ्या एका बटणामुळं.

आज ऑफिसात गेले. आमच्या जिन्याजवळ तुझा फोटो मोठा करून लावलाय, तू कधी बघितला नसशील. फोटोखाली पितळी पट्टी आहे. येणारे-जाणारे थांबून म्हणतात, काय डोळे आहेत, दुष्काळ दिसतो डोळ्यांत, तहान दिसते. तीन वर्षं मी ते ऐकत आले आणि मान लववत आले.

बद्रीनाथ सरांना म्हणाले, "तो फोटो भिंतीवरून काढा."

"का? त्या फोटोनं तुला नोकरी मिळाली."

"त्यात तहान नाहीये, सर."

मग त्यांना जे सांगितलं ते तुला लिहिते. आधी तुला सांगायला हवं होतं. तीन वर्षं उशीर झालाय.

दोर निसटला नव्हता. मी तो खाली ठेवला होता.

माय मेंढरांना पाणी पाजायला हौदाकडं गेली होती. तू विहिरीच्या तळातलं पाणी वाटीनं खरवडून घागर भरलीस, घागर मी वर ओढून घेतली. मग तू वर यायला लागलीस, कपारीत पाय देत, कमरेला दोर. मला म्हणाली होतीस, हिसका बसला तरी सोडू नको. मी 'व्हय' म्हणाले होते. विद्यापीठातून मागून आणलेला कॅमेरा माझ्या गळ्यात होता. तुझ्या अर्ध्या अंगावर ऊन आलं. मी दोर पायाखाली दाबला आणि दोन्ही हात मोकळे केले. दोर ढिला पडल्याचं तुला खालून कळलं. तू वर बघून ओरडलीस, "शाले, दोर धर!"

त्या हाकेनं तुझा चेहरा वर आला. म्हणूनच मी बटण दाबलं. लोक ज्याला तहान म्हणतात ती तुझी मला मारलेली हाक आहे.

नंतरच्या क्षणाला तू पडलीस. तुझ्या खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रात्रंदिवस ऐकते. माय पळत आली, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "दोर निसटला." तू शुद्धीवर येण्याआधी मी ते बाला सांगितलं, दाजींना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी फोटो दैनिकाला नेऊन दिला.

मी माफी मागत नाहीये. मागायचं तोंड नाही. तुला खरं काय ते माहीत असावं, एवढंच.

मला फार भीती वाटते, अक्का. हे पत्र पेटीत टाकायचीसुद्धा.

शालू


बजाजनगर, ८ जून २०१९

शालू,

तुझी पत्रं पोचली. औरंगाबादचं पहिल्यांदी आलं, परदेशाची मागून तीन-चार दिवसांनी आली, सगळी एकदम. म्हणून मी उलटं वाचलं. शेवट आधी, मग सुरुवात. दाजींनी विचारलं, काय लिव्हलंय. म्हणलं, बारीक अक्षर हाय, वाचून झाल्यावर सांगते. अजून सांगितलं नाय.

दोर तुझ्या हातात नव्हता हे मला तवाच माहीत होतं. पडताना मी वरच बघत होते. तुझे दोन्ही हात तोंडापाशी होते आणि मधी ते काळं भिंग. माय विचारायची, बा विचारायचा, मी म्हणायचे निसटला. तुझ्यासाठी नाय म्हणलं. मायला दोन पोरी हायेत, एकदम दोन्ही कशाला घालवायच्या तिच्या, म्हणून म्हणलं.

पाय मोडला त्याचा राग वर्षाभरात गेला. हाड कुणाचंबी मोडतं. पण तू दवाखान्यात माझ्या उशाशी बसून, माझा हात हातात घेऊन, माझ्याच तोंडावर म्हणालीस दोर निसटला गं अक्का. तवा तुझा नंबर बंद केला.

आता माफ केलं असं मी लिहीत नाय. लिहून होत नसतं ते. त्या बाईचं दोनदा वाचलं. पोचली हे बरं झालं. तिच्या मोठ्या पोरीचं नाव काय, ते तू लिव्हलं नाय. तुला माहीत नसंल. त्या एलिफला विचार आणि मला कळव.

माझं म्हणशील तर कंपनीतल्या पंधरा पोरांचे डबे करते, बसून पोळ्या लाटते, चाललंय. पण खुब्यातला खिळा आता सरकलाय. बुधवारी आपरेशन सांगितलंय. दाजींना रजा एकच दिवस मिळतीय, ती आपरेशनच्या दिवसाला ठेवलीय. त्याच्या आधी मंगळवारी तपासणीला जायचंय. मायला वाडीवरून यायला जमत नाय.

आणि एक सांगते, हे दाजींनाबी ठाऊक नाय. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर हाय, जिन्याला कठडा नाय. मी तीन वर्सं तो जिना बसून उतरते, एकेक पायरी, कुणी नसलं की. चाळीतल्या बायांना वाटतं पाय दुखतो म्हणून. पाय नाय दुखत. खाली बघितलं की मला विहीर दिसती. मला लई भ्याव वाटतं, शाले. तू तुझं लिव्हलंस म्हणून मी माझं लिव्हते, नायतर लिव्हलं नसतं.

मंगळवारी सकाळी आठला ये. साडेआठची गाडी हाय. उशीर करू नको, मी एकटी उतरणार नाय.

सत्यशीला